मोबाईलमधले नाणे आणि त्याचा भाव
(देहूरोड येथे रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक ताई आमच्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमची जमीन कारखान्यासाठी गेली. त्या पैशांतले दोन लाख मुलीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलेत. लग्न वैशाखात आहे. थोरला मुलगा म्हणतो, हे पैसे बिटकॉइनमध्ये घालू, सहा महिन्यांत दुप्पट होतील. काय करू?"

आम्ही म्हणालो, "ताई, आठ दिवस थांबा. वर्गातच सांगतो." कारण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. आपल्या भागात जमिनीचे पैसे पुष्कळ घरांत आले. मोबाईल तर घरोघर आहे. म्हणून आज याविषयीच चार शब्द बोलू.

बिटकॉइन म्हणजे काय? ते नाणे आहे, पण हातात घेता येत नाही. ते धातूचे नाही, कागदाचे नाही. ती एक हिशेबाची वही आहे. कोणी कोणाला किती दिले, ते त्या वहीत लिहिले जाते. वही एका सावकाराकडे नसते. जगातल्या हजारो संगणकांवर तिच्या नकला असतात. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी ही योजना मांडली. जानेवारी २००९ मध्ये ती चालू झाली. या नाण्यावर कोणत्याही सरकारचा शिक्का नाही आणि त्याच्यामागे कोणतीही बँक नाही. अशी नाणी फार तर २ कोटी १० लाख निघतील, त्याहून जास्त नाहीत, असा नियम आहे.

आता त्याचा भाव पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरपर्यंत गेला. म्हणजे जवळजवळ ५१ लाख रुपये. एका वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजार डॉलरच्या आसपास आला. म्हणजे सुमारे १३ लाख. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला. एकच नाणे. कधी डोंगरावर, कधी दरीत.

हे आम्ही नुसते वाचून सांगत नाही. आम्हीही त्या वाटेने गेलो होतो. २०२१ च्या दिवाळीनंतर पुतण्याने गळ घातली. आम्ही पेन्शनीतून साठवलेले ५० हजार रुपये त्यात घातले. जन्मभर मुलांना व्याजाची गणिते शिकवली, पण स्वतःच्या वेळी पाटी कोरी! वर्षभराने घरच्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले. पैसे काढले, तेव्हा हातात १२ हजार आणि काही रुपये आले. बाकीचे उसने घ्यावे लागले. पुतण्या आजही म्हणतो, "काका, दोन वर्षे थांबला असता तर ५० चे ८० हजार झाले असते." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मोतीबिंदू दोन वर्षे थांबतो का?

मग हा भाव असा का नाचतो?

आपण चाकणच्या बाजारात जाऊ. तिथला कांद्याचा लिलाव आपण सर्वांनी पाहिला आहे. आवक वाढली की भाव पडतो. आवक घटली की चढतो. कांद्याचा भावही काही कमी नाचत नाही. त्याने शेतकऱ्याला रडवले आहे आणि गिऱ्हाइकालाही. पण कांद्याच्या भावाला दोन दोऱ्या आहेत. भाव चढला की पुढच्या हंगामात लोक जास्त लागवड करतात. आवक वाढते, भाव खाली येतो. ही पहिली दोरी. भाव कितीही पडला तरी कांदा खाण्याची वस्तू आहे. रोजच्या कालवणाला तो लागतोच. ही दुसरी दोरी.

बिटकॉइनला या दोन्ही दोऱ्या नाहीत. त्याचे भाव चढले म्हणून जास्त नाणी पिकत नाहीत. साधारण दहा मिनिटांनी ठराविक नवी नाणी निघतात, आणि दर चार वर्षांच्या आसपास ती संख्याही निम्मी होते. २००९ साली एका वेळी ५० निघत. एप्रिल २०२४ पासून तीन आणि वर थोडे निघते. गिऱ्हाईक वाढले तरी माल वाढत नाही. मग सगळा ताण भावावर येतो. भाव पडला तर ते नाणे शिजवून खाताही येत नाही. शेत पीक देते, घर भाडे देते, ठेव व्याज देते. त्यावरून त्यांची किंमत ठरवता येते. बिटकॉइन असे काहीच देत नाही. उद्या दुसरा कोणी जास्त देईल, या आशेवरच आजचा भाव उभा असतो. आणि आशा म्हणजे वाऱ्यावरची पणती.

आणखी एक कारण आहे. पुष्कळ लोक उसन्या पैशावर हा सौदा करतात. भाव थोडा पडला की उसने देणारा त्यांचा माल विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो. मग दुसऱ्याचा माल विकला जातो. विटांच्या रांगेतली एक वीट ढकलावी, तसे होते. हा बाजार रात्री झोपत नाही, रविवारी सुट्टी घेत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये परदेशातली एफटीएक्स नावाची मोठी पेढी बुडाली. ती बातमी पसरली आणि सगळा बाजार हादरला.

आता दुसरा प्रश्न. हा भाव स्थिर करता येईल का?

आपल्या देहूरोडला बुद्धविहार आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. हे आपल्याला ठाऊक आहे. पण बाबासाहेबांनी रुपयावर मोठा ग्रंथ लिहिला, हे थोड्यांना ठाऊक असते. तो १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळाआधी आपला रुपयाही असाच घसरला होता. रुपया चांदीचा होता. जगात चांदी स्वस्त झाली. जो रुपया १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळपास होता, तो १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. रुपयाचे दुखणे कशात आहे, ते बाबासाहेबांनी शोधले. सरकारने मन मानेल तसा पैसा काढावा, हे त्यांना मान्य नव्हते. पैसा काढण्यावर मर्यादा हवी, असे ते म्हणत. पण ती मर्यादा कशासाठी? रुपयाची खरेदी करण्याची ताकद टिकावी यासाठी. आज रुपयाला जेवढे धान्य मिळते, तेवढे उद्याही मिळावे. गरीब माणसाच्या दृष्टीने पैशाची खरी कसोटी हीच.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाजारात पैसा किती असावा, व्याज किती असावे, हे ती पाहते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, असे काम तिला २०१६ पासून नेमून दिले आहे. रुपयाही झिजतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो हळूहळू झिजतो, आणि त्याला राखणदार आहे. कांद्यासाठीही सरकार साठा करते आणि भाव चढला की तो बाजारात आणते. बिटकॉइनला गोदाम नाही, राखणदार नाही. राखणदार नसावा, म्हणूनच तर ते काढले! मर्यादा आहे, पण भाव सांभाळणारा नाही. बाजार मोठा झाला तर झोके थोडे कमी होतील. पण ते थांबवणारा कोणी नाही.

यावर काही जणांनी तोड काढली. एक नाणे म्हणजे कायम एक डॉलर, अशी नाणी त्यांनी काढली. त्यांना स्टेबलकॉइन म्हणतात. ज्यांच्या तिजोरीत खरोखर तेवढे डॉलर असतात, ती बरीचशी टिकतात. पण तिथेही तिजोरी सांभाळणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. मार्च २०२३ मध्ये असेच एक मोठे नाणे काही काळ ८८ सेंटच्या आसपास घसरले, कारण त्याचे काही पैसे बुडालेल्या बँकेत अडकले होते. टेरा नावाच्या नाण्यामागे तर तिजोरीऐवजी मुख्यतः त्याच मंडळींचे दुसरे नाणे होते. एका आंधळ्याने दुसऱ्याचा हात धरावा, तशी गत. मे २०२२ मध्ये काही दिवसांत दोन्ही कोसळली. म्हणजे स्थिरपणा फुकट मिळत नाही. त्याच्यामागे भरलेली तिजोरी आणि जबाबदार माणूस लागतो.

जाता जाता एक सावधगिरी. भाव पडणे वेगळे आणि फसवणूक वेगळी. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के बिटकॉइन देऊ, असे सांगत. २०१८ साली तिचा गुन्हा आपल्या शेजारी निगडी पोलीस ठाण्यातही नोंदला गेला. ज्याचा भाव उद्या काय असेल हे कोणालाच सांगता येत नाही, त्यावर ठराविक नफ्याची हमी देणारा माणूस खोटे बोलतो, एवढे ओळखा.

आता ताईंना उत्तर देतो. ताई, बिटकॉइन घेणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. त्याच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर मात्र आहे. सहा महिन्यांत तुमचे पैसे वाढतीलही. पण निम्मेही होतील. काय होईल, ते आम्हाला सांगता येत नाही, तुमच्या मुलालाही नाही. लग्नाची तारीख ठरली आहे. भावाची तारीख ठरत नाही. ज्या पैशाला तारीख आहे, तो पैसा बँकेतच राहू द्या. मुलाला हौस असेल तर त्याने आपल्या पगारातले, बुडाले तरी चूल बंद पडणार नाही एवढेच पैसे घालावे. उसने काढून तर मुळीच घालू नये.

मुलावर रागावू नका. त्याला जवळ बसवा. हे भाषण छापून आले की तुम्ही स्वतः त्याला वाचून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.