आमच्यामागें याचें कोण?

(नभोवाणीवरील भाषण)

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत एक प्रथा अजून टिकून आहे. दिवाणखान्यांत पाहुणे येऊन बसले, चहाची तयारी सुरू झाली, कीं घरांतील एक मूल हलकेच आंतल्या खोलींत नेण्यांत येतें. तें मूल कदाचित् बोलत नसतें, कदाचित् उगाच हंसत असतें, कदाचित् त्याच्या तोंडांतून लाळ गळत असते. कोणी विचारलेंच तर "झोंपला आहे" असें सांगण्यांत येतें. पाहुण्यांनाही खरें काय तें ठाऊक असतें. अमरावतीच्या राजापेठेंत काय किंवा अकोल्याच्या रतनलाल प्लॉटांत काय, हा देखावा सारखाच. मोलमजुरी करणाऱ्याच्या घरीं तो सहसा दिसत नाहीं; कारण त्याच्या घराला आंतली खोलीच नसते. तेथील मूल अंगणांत बाजेवर बसलेलें असतें, आणि येणारा-जाणारा त्याला हांक मारून जातो. या एका बाबतींत गरिबाचें मूल अधिक सुखी म्हणावें लागेल.

त्या आंतल्या खोलींत मुलाबरोबर आणखी एक व्यक्ति कोंडली जाते, ती त्याची आई. तिचें लग्नामुंजींस जाणें सुटतें, हळदीकुंकू सुटतें, माहेरीं चार दिवस राहणें सुटतें. दोष बहुधा तिच्याच पदरीं पडतो. तिनें ग्रहणांत विळीवर भाजी चिरली असेल, तिन्हीसांजेला ओलांडूं नये तें ओलांडलें असेल, अशी कुजबूज शिकलेल्या सासरींही ऐकूं येते. वस्तुतः कारणें अगदीं निराळीं असतात. जन्मतांच मूल रडलें नाहीं आणि मेंदूला प्राणवायु कमी पडला. दिवस भरण्यापूर्वीं जन्म झाला. नवजात बालकाची कावीळ वाढत गेली. गरोदरपणीं आईला रुबेला झाला. किंवा बीजपेशींतच एक गुणसूत्र अधिक आलें. मामे-आत्ये भावंडांच्या विवाहांत कांहीं आनुवंशिक दोषांचा संभव वाढतो, हेंही खरें. परंतु तो विवाह एकट्या सुनेनें ठरविलेला नसतो! आणि पुष्कळदां सर्व तपासण्या होऊनही कारण सांपडत नाहीं. अशा वेळीं डॉक्टरांनीं "कारण सांपडत नाहीं" एवढें स्पष्ट सांगितलें तरी आईच्या मनावरचें मोठें ओझें उतरतें.

वऱ्हाडाच्या मातीला हा विषय नवीन नाहीं. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ सालीं जन्मले आणि वर्षाचे होण्यापूर्वींच त्यांची दृष्टि गेली. चौथ्या वर्षीं आई गेली. लोणी-टाकळीस आजोळीं आजीनें त्यांना वाढविलें. १९१५ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला, तों त्यांच्या नांवावर शंभराहून अधिक ग्रंथ व प्रकरणें झालीं होतीं. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात आणि त्यांच्या अलौकिक स्मरणशक्तीचें वर्णन करितात. तें सारें यथार्थच आहे. परंतु प्रत्येक अंध मुलानें गुलाबराव महाराज व्हावें अशी अपेक्षा धरणें हाही त्या मुलावर अन्यायच होय. त्यांच्या चरित्रांतून आईबापांनीं उचलावें तें निराळेंच आहे. त्या अंध मुलाला कोणी तरी पुस्तकें वाचून दाखवीत होतें, आणि तो सांगे तें कोणी तरी लिहून घेत होतें. तीं वाचणारीं व लिहिणारीं माणसें नसतीं तर ती प्रज्ञा कोठें गेली असती?

आजच्या आईबापांना असा आधार कोठें मिळतो, हा प्रश्न आहे. तो मुळींच नाहीं असें नव्हे. पण तो विखुरलेला आहे, आणि त्याचा पत्ता बहुधा उशिरां लागतो. उशीर होण्याचें पहिलें कारण घरांतच असतें. मूल दोन वर्षांचें झालें तरी बोलत नाहीं, आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला होता." तीन वर्षें होतात, मग काकांचा दाखला निघतो. चौथ्या वर्षीं कानांची तपासणी होते आणि कळतें कीं मुलाला जन्मापासून ऐकूंच येत नव्हतें. भाषा शिकण्याचीं जीं अमोल वर्षें, तीं घराण्याचे दाखले देण्यांत गेलीं. हाक मारली तर मान वळत नाहीं, आईच्या डोळ्यांकडे पाहत नाहीं, बसण्याचें वय उलटून गेलें तरी मान सांवरत नाहीं, यांपैकीं कांहींही दिसलें तरी थांबूं नये. नवस बोलावयाचा तर खुशाल बोलावा. त्याच आठवड्यांत मुलाला डॉक्टरांकडेही न्यावें, म्हणजे झालें.

२०१३ सालीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यांतील पथकें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि सरकारी शाळेंत एकदां येऊन मुलें तपासतात, आणि दोष आढळलेल्या मुलांस जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची योजना आहे. येथें शहरी घरांची एक गंमत होते. त्यांचें मूल अंगणवाडींत जात नाहीं, खाजगी बालवाडींत जातें. आणि ही तपासणी त्याच्या वांट्याला येतच नाहीं. मेळघाटांतील कोरकू मुलाला जी तपासणी अंगणवाडींत मिळते, ती अमरावतीच्या वकिलाच्या मुलाला बापानें हौसेनें नेल्याशिवाय मिळत नाहीं.

यानंतर येतो तो प्रमाणपत्राचा प्रश्न, आणि येथेंच कित्येक सुशिक्षित घरें अडून बसतात. "एकदां कागदावर शिक्का बसला कीं जन्माचा बसला; पुढें थोरल्या मुलीचें लग्न जमवावयाचें आहे" ही भीति त्यांना वाटते. ती खोटी म्हणतां येणार नाहीं. समाज तसा आहे. परंतु ज्या कागदाला ते भितात, त्याच कागदावर त्या मुलाचे सर्व हक्क अवलंबून आहेत. आतां अर्ज संगणकावरून करावयाचा असतो. तपासणीसाठीं अमरावतीस लोक ज्याला इर्विन म्हणतात तें जिल्हा रुग्णालय आणि अकोल्यास सर्वोपचार रुग्णालय हीं बहुतेकांस परिचित ठिकाणें आहेत. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगता ठरली कीं बहुतेक सवलतींचें दार उघडतें. मिळणारें ओळखपत्र सबंध देशांत चालतें. १९९५ च्या कायद्यांत सातच प्रकार होते. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला, त्यांत ते एकवीस झाले. स्वमग्नता, अध्ययनअक्षमता, थॅलेसेमिया आणि विदर्भांत घरोघर ऐकूं येणारा सिकलसेल हे त्यांत आले. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलालाही आतां कायद्याचा आधार आहे, हें पुष्कळ आईबापांना अजून ठाऊक नाहीं.

अध्ययनअक्षमतेविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. मराठी शाळांनीं एका अक्षराची फार विटंबना केली आहे, तें अक्षर म्हणजे 'ढ'. जो मुलगा तोंडी गणित झटकन सोडवी, गोष्ट रंगवून सांगे, पण वहींत 'ब' चा 'व' आणि 'भ' चा 'म' करी, त्याला मागच्या बाकावर बसवून छड्या देणाऱ्या पिढ्यान् पिढ्या शिक्षकांना ही एक मेंदूची निराळी ठेवण आहे हें माहीतच नव्हतें. त्या छड्या परत घेतां येत नाहींत. आतां अशा मुलाला दहावीच्या परीक्षेंत जादा वेळ मिळतो आणि जरूर तर लेखनिकही मिळतो. मात्र त्यासाठीं प्रमाणपत्र आधीं लागतें. परीक्षा पंधरा दिवसांवर आल्यावर धांवाधांव करणाऱ्यांची निराशा होते. सहा ते अठरा वर्षांपर्यंत अशा दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेंत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क २०१६ च्या कायद्यानें दिला आहे. "आमच्या शाळेचा निकाल बिघडेल" हें मुख्याध्यापकांचें उत्तर त्या कायद्यांत बसत नाहीं. बाकी प्रवासाच्या सवलती, उपकरणें, निराधार योजनेचें मासिक अनुदान यांची माहिती जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे व तहसील कचेरींत मिळते. आगगाडी आणि एस. टी. यांत सोबतच्या माणसालाही सवलत असते, एवढें येथें पुरे.

सरकारी कागदांनीं पोट भरतें असें मात्र नाहीं. आईला पहिला खरा आधार वाटतो तो दुसऱ्या अशाच आईला भेटल्यावर. मुंबईस १९४४ सालीं वकील नांवाच्या एका पारशी दाम्पत्यानें आपल्या मुलीसारख्या मुलांसाठीं शाळा काढली. त्यांच्या मुलीला आज ज्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात तो दोष होता, आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. तीच शाळा आज जय वकील या नांवानें विख्यात आहे. १९९५ सालीं देशभरांतील पालकसंघांचा 'परिवार' हा महासंघ उभा राहिला. एवढें मोठें कांहीं प्रत्येक गांवीं उभें राहणार नाहीं. पण आठ-दहा घरांनीं महिन्याच्या एका रविवारीं विशेष शाळेच्या ओसरीवर जमणें अमरावतीस वा अकोल्यास अवघड कां असावें? व्यायामोपचार कोण मन लावून देतो, कोणत्या औषधानें झोंप फार येते, शौचाची संवय कशी लावली, अशा गोष्टी पुस्तकांत नसतात. दोन घरांनीं आळीपाळीनें एकमेकांचें मूल तीन तास सांभाळलें तर तितक्या वेळांत एक आई चित्रपट पाहून येते. ज्यांना हें क्षुल्लक वाटेल त्यांनीं आठ वर्षें घराबाहेर न पडलेल्या बाईला विचारावें. अशा सभांना बाप येत नाहींत, ही एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते. बाप फी भरतो, औषध आणतो आणि बाकी वेळ वर्तमानपत्राआड बसतो. त्याचें दुःख कमी असतें असें नाहीं, पण तें वर्तमानपत्राआडच राहतें. घरांतील दुसऱ्या धडधाकट मुलाकडेही कोणी पाहत नाहीं. त्यानें शहाण्यासारखें वागावें हें जणूं जन्मतःच ठरलेलें असतें.

मूल लहान असतांना हे सर्व प्रश्न सुटण्यासारखे असतात. खरा प्रश्न आईबापांच्या साठीनंतर येतो. वऱ्हाडांतील कोणतीही माय तो एकाच वाक्यांत विचारते, "आमच्या मागं याले कोन पाहीन?"

मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें तें सज्ञान होतें. मग त्याची बुद्धि चार वर्षांच्या मुलाएवढी कां असेना, आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहींत. बँकेंत पहिली अडचण येते, आणि तेव्हांच बहुतेकांना हें प्रथम कळतें. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठीं १९९९ सालीं राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्याखालीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करतां येतो. आईबाप, नातेवाईक किंवा नोंदलेली संस्था अर्ज करूं शकते. नेमलेल्या पालकाला मुलाच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि पुढें दरवर्षीं हिशेब द्यावा लागतो. अर्थात् काकानें शेत गिळलें तर विचारणारें कोणी आहे. याच न्यासाच्या निरामय योजनेंत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळूं शकतो. सरकारी नोकरींतील बापानें आणखी एक गोष्ट निवृत्तीपूर्वींच करावी. कमावूं न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब-निवृत्तिवेतन जन्मभर मिळूं शकतें. त्यासाठीं त्याचें नांव कचेरींत वेळींच नोंदवावें. मृत्युपत्रांत सर्व कांहीं थोरल्या भावाच्या नांवें लिहून "तो पाहील" असें म्हणणें हा त्या भावावरही बोजाच आहे.

आणि ज्यांना आईबापांनीं जन्मतःच सोडलें त्यांचें? अचलपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वझ्झर नांवाचें गांव आहे. तेथें अंबादासपंत वैद्य यांच्या नांवें चालणाऱ्या बालगृहांत, रेल्वेस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेलीं मतिमंद, अंध, मूकबधिर अशीं शंभराहून अधिक मुलें वाढलीं. गाडगेबाबांना गुरु मानणारे शंकरबाबा पापळकर यांनीं त्यांना सांभाळलें. नुसतें अन्न दिलें नाहीं. सरकारी कागदांत बापाच्या नांवाची जी रिकामी जागा असते, तेथें स्वतःचें नांव घातलें. कित्येकांचीं लग्नें लावून दिलीं, त्यांच्याच हातांनीं उजाड टेकडीवर हजारों झाडें लावलीं. तेथील एक अंध कन्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. २०२४ सालीं बाबांना पद्मश्री मिळाली. परंतु बाबांचें मागणें पदवीचें नव्हतें. बालगृहांतील मुलानें अठरा वर्षें होतांच बाहेर पडावें असा नियम असतो. या मुलांनीं बाहेर पडून जावें कोठें, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि दिव्यांग बेवारस मुलांना तेथेंच आजन्म राहूं देणारा कायदा करावा ही मागणी ते वर्षानुवर्षें करीत आले आहेत.

दिवाणखान्यांतील घरांचा प्रश्न आणि वझ्झरचा प्रश्न शेवटीं एकाच ठिकाणीं येऊन मिळतो. कायदा होईल तेव्हां होईल. तोंवर आईला आज रात्रींच सुरू करतां येईल असें एक काम आहे. एक शंभर पानी वही घ्यावी आणि तींत आपल्या मुलाविषयीं फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलें सारें लिहून ठेवावें. औषधाच्या वेळा आणि डॉक्टरांचीं नांवें तर असावींतच. पण त्यांखालीं असेंही असावें: त्याला दूध कोमट चालत नाहीं, गार लागतें. निळा सदरा घातला तर रडत नाहीं. वीज कडाडली तर त्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवावे आणि थांबेपर्यंत काढूं नयेत.