जुन्या लॅपटॉपला नव्याचे भाग

उन्हाळ्यातल्या एका बैठकीत आमच्या गटाचा हिशेबाचा लॅपटॉप सुरू व्हायला सव्वाआठ मिनिटं लागली. तेवढ्यात चहा पिऊन झाला, दोघी तर उठून घरी निघाल्या. नवा घ्यायचा तर गटाची दोन वर्षांची शिल्लक संपली असती. आता तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडतो आणि सगळा खर्च आला २,६५० रुपये. हे कसं केलं आणि कुठे आमचा हात थोडक्यात वाचला, ते आज सांगतो.

हा लॅपटॉप मुळात हिशेबाचा नव्हेच. आमच्या सचिवताईंच्या मुलाने कॉलेजात असताना गेम खेळायला घेतलेला, डेल कंपनीचा इन्स्पिरॉन ७५५९. नोकरी लागली तेव्हा तो त्याने गटाला देऊन टाकला. गेमिंगचा लॅपटॉप म्हणजे जड, जाडजूड, पंखा घरघरणारा. पण आतला प्रोसेसर चांगल्या ताकदीचा असतो. आमच्यातही इंटेलचा चार कोअरचा आय-फाइव्ह आहे, सहाव्या पिढीचा, आणि ८ जीबी रॅम. एवढं असून तो रखडायचा, कारण आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्डडिस्क होती. शिवाय खालचं झाकण फुगलं होतं आणि टचपॅड वर आला होता. आम्हाला वाटलं, उन्हानं प्लास्टिक वाकलं असेल.

दुसरीकडे आमच्या अध्यक्ष काकूंची पुतणी मल्टिमीडिया शिकते. तिचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, पण पुढचा नमुना, ७५६७. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तेव्हा चार्जर लावलेलाच होता. बोर्ड जळला. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन बोर्डाच्या पैशात दुसरा जुना लॅपटॉप येईल. काकू म्हणाल्या, "मग ह्याचे भाग आपल्याला का चालू नयेत?" पुतणीला आम्ही दोन हजार रुपये दिले. ती नको म्हणत होती, पण घरातली असली तरी फुकट घ्यायचं नाही असं ठरलं.

उघडायचं काम केलं खजिनदार ताईंच्या लेकीनं. ती आयटीआयला आहे. आमच्या घरचे पुरुष म्हणाले, "बायकांनी त्यात हात घालू नका, आहे तेही जाईल." एकाने तर भंगारात आठशे रुपये येतील असा भावही सांगितला.

पण आमची खरी भीती दुसरीच होती. त्या जुन्या डिस्कवर २०१९ पासूनची सगळी कर्जखाती होती. कोणी किती घेतलं, किती फेडलं, व्याज किती. वही होती, पण ती गेल्या पावसाळ्यात भिजली आणि निम्म्या पानांची शाई पसरली. म्हणजे ती डिस्क हीच एक प्रत, आणि तिच्यातून टकटक आवाज यायला लागला होता. म्हणून पोरीनं स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी सगळे कागद दोन पेनड्राइव्हवर उतरवायला लावले. सकाळी अकराला बसलो ते चार वाजले. कर्जखाती पूर्ण आली. प्रशिक्षणाच्या फोटोंचं एक फोल्डर मात्र आलं नाही ते नाहीच. आमच्यातल्या एकीचं आठ हजारांचं फेडलेलं कर्ज त्या खात्यातच नोंदलेलं होतं. ती दुपारभर पदर तोंडाला लावून शेजारी बसून होती, तिची ओळ दिसली तेव्हा उठली.

मग उघडलं. ह्या दोन्ही लॅपटॉपचं खालचं झाकण एकाच स्क्रूवर असतं. तो काढला की कडेनं हलक्या हातानं उचकायचं. आधी चार्जर काढायचा, लॅपटॉप पूर्ण बंद करायचा आणि आत गेल्यावर सगळ्यात पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवायची. आणि हो, नायलॉनची साडी नेसून बसू नका. तिच्या घासण्यानं अंगात वीज साठते, ती बोटातून नाजूक भागात उतरली की भाग जातो. आम्ही सुती साड्या नेसलो आणि मधूनमधून लोखंडी कपाटाला हात लावत होतो. आतले स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा धुऊन, पुसून, कडकडीत वाळवून घेतला. एका वाटीत डिस्कचे, एकीत बॅटरीचे. हळदीच्या वाटीतला एक स्क्रू अजून पिवळा आहे.

झाकण निघालं आणि कळलं की प्लास्टिक वाकलेलं नव्हतं. बॅटरीच पापडासारखी फुगली होती. सख्यांनो, हे नीट ऐका. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही, चुलीजवळ किंवा कचऱ्यात टाकायची नाही. आतून गॅस झालेला असतो, पेट घेऊ शकते. ती आम्ही पत्र्याच्या डब्यात वाळूवर, घराबाहेर सावलीत ठेवली आणि पुढच्या बाजाराला तालुक्याच्या ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे.

पुतणीच्या लॅपटॉपातली बॅटरी मागच्याच वर्षी बदललेली होती. दोन्हींवर एकच नंबर, ३५७एफ९, दोन्ही ७४ वॅट-अवरच्या, पिनही तीच. सपाट होती, कुठे जळकट वास नव्हता. बसली. पहिल्या चार्जिंगला आम्ही तिच्याजवळून हललो नाही. तिचा चार्जर मात्र घेतला नाही, कारण वीज त्यातूनच आत शिरली होती.

खरा फरक पडला तो एसएसडीनं. पुतणीनं तिच्यात २४० जीबीची अडीच इंची एसएसडी घातलेली होती. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून माहिती शोधायला वेळ लागत नाही. आमच्या हार्डडिस्कची जागाही अडीच इंचाची आणि जोडणीही तीच, साटा. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट काढून हिला लावली आणि सरकवली. त्याआधी पुतणीला विचारून तिचं काम तिला काढून दिलं, मगच पुसली.

चुकणार होतो ते रॅमला. आमच्याकडे एक खाच रिकामी, तिच्याकडे ८ जीबीची पट्टी. आम्हाला वाटलं, घाला, दुप्पट होईल. पट्टी बसेना. एक काकू म्हणाल्या, "दाब की जरा!" पोरीनं हात मागे घेतला आणि भिंगातून वाचलं. आमच्याकडची डीडीआरथ्री-एल, २०४ पिनांची. तिची डीडीआरफोर, २६० पिनांची. मधली खाच वेगळ्या जागी असते ती ह्यासाठीच. जोर केला असता तर आमचाही बोर्ड गेला असता. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, दिसायला जुळे लॅपटॉप असूनही बॅटरी चालली आणि रॅम नाही. हिशेबाला ८ जीबी पुरते, म्हणून नवी पट्टी घेतलीच नाही.

खजिनदार ताईंच्या धाकट्याला तर ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आमचं ९६०एम काढून तिचं नवं. ह्या लॅपटॉपमध्ये ते आणि प्रोसेसर दोन्ही बोर्डावरच डाख देऊन बसवलेले असतात, सुटे निघत नाहीत. काही जुन्या, महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये कार्ड वेगळं असायचं, आमच्यात नाही. तो हिरमुसला. त्याला पंखा साफ करायला दिला. जाळीवर गोधडीतल्या कापसासारखा थर होता. पातं बोटानं धरून ठेवायचं आणि मऊ ब्रशनं झाडायचं, फुंकर मारून पंखा गरगर फिरवायचा नाही. घरघर त्यानंच थांबली.

आता विंडोज. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून लिनक्स मिंट घातलं, ते फुकट मिळतं. हिशेब लिब्रे ऑफिसमध्ये, मराठीत टाइप करून. पहिला आठवडा बटणं सापडेनात म्हणून आम्ही पोरीला फोन करकरून वैताग आणला.

सहाशे पन्नास रुपये गेले ते असे: स्क्रू-ड्रायव्हरचा संच तीनशे आणि जुनी डिस्क बाहेरून जोडायची पेटी साडेतीनशे. त्या पेटीतून फोटोंचं फोल्डर पुन्हा एकदा काढून बघणार आहोत. कर्जखात्यांचा एक पेनड्राइव्ह सचिवताईंकडे, दुसरा काकूंच्या कपाटात. दर बैठकीनंतर दोन्हींवर नवी नोंद चढते आणि ज्या दोघींनी ती चढवली त्यांची सही नव्या वहीत होते.