लग्नानंतरची फाइल

भाट्ये गावातल्या मुलीने अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं, की तिच्या स्थलांतरित व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. तयारी मात्र ग्रामपंचायतीपासून. लग्न देवळात लागो वा हॉलमध्ये, १९९८ च्या राज्य कायद्याखाली त्याची नोंद करून दाखला घ्या. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. तो आधीच निस्तरा. जन्मदाखला मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. पोलिस दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेतून करायचा. वैद्यकीय तपासणी मात्र नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच. नवऱ्याचं आर्थिक हमीपत्रही हवं.

लग्न खरं आहे हे पटवायला पत्रिका, एकमेकांशी झालेल्या संपर्काच्या नोंदी आणि दोन्ही घरच्यांसोबतचे फोटो न्या. माझ्या मते स्टुडिओतल्या अल्बमपेक्षा ओटीवरचे साधे फोटो जास्त बोलतात. अमेरिकेत पोहोचताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड सशर्त, २ वर्षांचंच मिळतं. अट काढण्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा.