आजारी मावशीची रजा



वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचं बाहेर जाणं फारसं होत नाही. बाजारहाट नाही, लोकलची गर्दी नाही, लग्नकार्य क्वचित. मग श्वसनाचा विषाणू त्यांच्या खाटेपर्यंत पोचतो कसा? आज मी एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलंड इथल्या वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात कोविडची साथ उघडकीला आली. १८ मार्चपर्यंत तिच्याशी जोडलेले १६७ रुग्ण नोंदले गेले. त्यांत १०१ रहिवासी होते, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले. रहिवाशांपैकी ३४ जण दगावले. तपासात दिसलं की काही कर्मचारी अंगात लक्षणं असताना कामावर येत होते, आणि काही जण दोन-दोन ठिकाणी काम करत होते. त्याच परगण्यातल्या दुसऱ्या एका शुश्रूषागृहात ७६ रहिवाशांची तपासणी झाली. ४८ बाधित निघाले. त्यांतल्या २७ जणांना त्या दिवशी काहीच त्रास होत नव्हता. नुसत्या खोकल्यावर नजर ठेवून साथ थोपवता येत नाही, ती यामुळेच.

म्हातारपणी शरीर बोंब मारत नाही. फ्लू असो, आरएसव्हीसारखा दुसरा श्वसनाचा विषाणू असो, अंग तापेलच असं नाही. म्हणून जाणकार डॉक्टर अशा ठिकाणी १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला काटाही ताप मानतात. बरेचदा माणूस फक्त गोंधळतो, तोल जाऊन पडतो, जेवण टाकतो. एका वृद्धाश्रमात मी पाहिलंय. एका आजींचा सकाळचा चहा तसाच राहिला, वर साय धरली. ना खोकला, ना ताप. पण रोज त्यांना न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आजी चहा टाकत नाहीत कधी. डॉक्टरांना बोलवा." संध्याकाळपर्यंत आजींना धाप लागली होती. दवाखान्यात वेळेवर नेता आलं, ते त्या मावशींमुळे.

आजीचं दुखणं सर्वांत आधी ओळखणारे हात हे असे असतात. विषाणू आत येण्याची वाटही त्याच हातांची असते, आणि हे बोलताना मावशींना बोल लावण्याचा माझा हेतू नाही. ज्यांचं हातावर पोट आहे, दांडी मारली की ज्यांचा रोज बुडतो, त्या बाई कणकण अंगावर काढूनच येणार. अशा सेवा करणाऱ्यांना जपलं तर काय होतं? स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीच्या काही रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली होती. २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. लस देऊ केली तिथे रुग्णांतले मृत्यू १३.६ टक्के, बाकीच्या ठिकाणी २२.४ टक्के. या आकड्यांवर पुढे तज्ज्ञांत वाद झाला, तो होऊ दे. सेवा करणाऱ्याला जपल्याशिवाय सेवा घेणारा वाचत नाही, हे माझं मत त्यामुळे बदललेलं नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील, काकू-आत्या वृद्धाश्रमात राहतात. परदेशातून मुलं दरमहा पैसे पाठवतात आणि खोलीला एसी आहे का, जेवण कसं आहे, हे विचारतात. पुढच्या भेटीत व्यवस्थापकांना आणखी एक गोष्ट विचारा: "इथल्या मावशींना ताप आला, तर त्या दिवसाचा पगार कापता का?" उत्तर 'हो' आलं, तर ती पद्धत बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आणि स्वतःला सर्दी झाली असेल, तर त्या आठवड्यात भेटीला जाऊ नका, फोन करा.