चकाकी आणि पोलाद



दुकानात दोन नव्या सुऱ्या शेजारी ठेवल्या, तर दोन्ही सारख्याच चकाकतात. एक साध्या कर्बयुक्त पोलादाची, दुसरी स्टेनलेसची. ओळखावी कशी? पुष्कळ लोक लोहचुंबक लावतात. चिकटला नाही, तर स्टेनलेस! १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या भांड्याला हा आडाखा लागू पडतो. पण त्या पोलादाला पाणी देऊन ते कठीण करता येत नाही. म्हणून सुरीला निराळे स्टेनलेस वापरतात, आणि त्याला चुंबक चिकटतो.

खरी परीक्षा लिंबाची. धारेवर रसाचा थेंब टाकून थोडा वेळ थांबावे. साधे पोलाद काळवंडते. स्टेनलेस जसेच्या तसे राहते. धारेवरच अशासाठी, की साध्या पात्यावर मुलामा चढविलेला असला, तरी धार लावताना तो तेथून निघून जातो.

याचे कारण क्रोमियम. ते साडेदहा टक्क्यांच्या वर असले, म्हणजे हवेतील प्राणवायूशी मिळून पात्यावर अतिशय पातळ कवच धरते. ओरखडा पडला तरी ते पुन्हा धरते. साध्या पोलादाला हे कवच नाही; पण म्हणून ते हलके नव्हे. आपली जुनी विळी त्याचीच. दगडावर चार हात फिरवले की तिला धार येते. मात्र ती पुसून कोरडी ठेवावी, तेलाचा हात द्यावा.

सुरीचे हे न गंजणारे पोलाद १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केले. वडील पोलादाच्या भट्टीवरचे कामगार. हे स्वतः लहानपणीच शाळा सोडून प्रयोगशाळेत बाटल्या धूत. पुढची विद्या त्यांनी काम करता करता मिळविली. शोधीत होते बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारे पोलाद; हाती आले ते स्वयंपाकघराचे!

त्याच शेफील्डात एकोणिसाव्या शतकात वालुकाश्माच्या चाकावर पाती घासणाऱ्यांची फुप्फुसे धुळीने निकामी होत. कित्येक ऐन उमेदीत गेले. त्यांनी संघटना बांधल्या, त्या हौसेने नव्हे. पाते साधे असो वा स्टेनलेस, घासताना आजही धूळ उडतेच.

तेव्हा आमचे सांगणे दुहेरी आहे. स्टेनलेसची किंमत मोजाल, तर लिंबाचा थेंब टाकून माल पारखून घ्या. आणि तुमच्या गावातल्या कारखान्यात घासाईच्या चाकापुढे बसणाऱ्याच्या नाकातोंडावर काही आहे की नाही, धूळ ओढून नेणारा पंखा चालतो की नाही, तेही एकदा विचारा. ही परीक्षा लिंबाने होत नाही; ती नागरिकांनीच करावयाची असते.