प्रवास कोणाचा, शहाणपण कोणाचे?

(गडहिंग्लज येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



गडहिंग्लजच्या बाजारात गुळाच्या ढेपेला भाव मिळतो. ती घडवणाऱ्या गुळव्याच्या ज्ञानाला मात्र कोणी भाव देत नाही. काहिलीतला पाक केव्हा उतरवायचा, हे तो फेसावरून, वासावरून, बोटांनी चाचपून ठरवतो. हे ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही. ते घ्यायचे तर गुऱ्हाळावर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहावे लागते.

उद्योगधंद्यातील प्रवासाचे महत्त्व नेमके येथे आहे. कोशा, नेफ्के व हाउसमन या संशोधकांनी २०२० साली देशोदेशींच्या व्यावसायिक प्रवासखर्चाचे आकडे तपासले. माणसांबरोबर उत्पादनाचे कसबही प्रवास करते. असा आंतरराष्ट्रीय प्रवास कायमचा थांबला तर जगाचे एकूण उत्पन्न सुमारे १७ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा अंदाज आहे. दूरध्वनी व संगणक हाताशी असलेल्या काळातील हा निष्कर्ष आहे, हे विसरता कामा नये.

गडहिंग्लज ज्या करवीर संस्थानात होते, त्याचे अधिपती शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले. १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी स्थापन झाली. पुढे राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. हे सारे एका प्रवासाचे फळ मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु जगात पाहिलेले प्रजेच्या कामी लावण्याची तळमळ असली, तरच प्रवासाचे चीज होते, हे खरे.

मग प्रश्न असा, की सहकारी उद्योगांच्या अभ्यासदौऱ्यांवर जाते कोण? पुष्कळदा संचालक आणि अधिकारी. साखरेचा दाणा नजरेने पारखणारा पॅनमन, यंत्राचा आवाज ओळखणारा फिटर मागेच राहतो. खर्च सभासदांचा, अनुभव मूठभरांचा! छायाचित्रे भिंतीवर लागतात, अहवाल कपाटात जातो आणि उतारा होता तेथेच राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. दौऱ्यातील निम्म्या जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना मिळाव्यात. परतलेल्याने पाहिलेले प्रत्येक पाळीतील सोबत्यांना कामाच्या जागीच दाखवावे. आणि दौऱ्याने काय साधले, याचा हिशेब वार्षिक सभेत मांडला जावा.

ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. ते अडवून ठेवल्याने मात्र कारखाना, कामगार आणि ऊसउत्पादक असे तिघेही गरीब राहतात.