पायऱ्यांचे मार्क
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "तुझ्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, "अरे, मी परचेसमधला माणूस. लग्नकार्यातसुद्धा लोक मला केटररचा दर पाडायला बोलावतात, भाषणाला नाही." पण मग त्यांनी पाठवलेली नावांची यादी पाहिली आणि हो म्हणालो. आपल्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचं पोट या ना त्या बाजूने याच व्यवहारावर आहे. कुणाचं भोसरीत शेड आहे, कुणाचं तळवड्यात, कुणी चाकणला प्लँटमध्ये आहे, कुणाची मुलं हिंजवडीला जातात. म्हणजे आपल्यातले काही जण पीओ काढतात आणि बाकीचे पीओची वाट बघतात.

आपल्या वडिलांच्या पिढीने हा पट्टा उभा राहताना पाहिला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, आणि त्यांच्या आधाराने भोसरीपर्यंत पसरलेली छोटी छोटी शेडं. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा आपण नोकरीधंद्यात मुरलेले होतो. या सगळ्या काळात मोठी कंपनी आणि छोटा वेंडर यांच्यात माल घेण्या-देण्याची एक रीत पक्की झाली. ती रीत मला तोंडपाठ होती. तरीही एका कामात मी ती विसरलो आणि आपल्याच वर्गातल्या एका मित्राचं नुकसान केलं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे. त्याने एकच अट घातली, की नाव घ्यायचं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्लँटला लाइनवर एक सॉफ्टवेअर हवं होतं. प्रत्येक पार्टवर बारकोड, तो कुठल्या मशीनवर झाला, कुठल्या शिफ्टला, कुठल्या लॉटच्या मालातून, हे सगळं कळावं, म्हणजे कस्टमरची तक्रार आली तर शोधता येईल. तीन कोटेशनं मागवली. सगळ्यात कमी या मित्राचं होतं. चौदा माणसांची त्याची कंपनी. तो माझा वर्गमित्र आहे, हे मी कंपनीला लिहून दिलं होतं. आणि मैत्रीखातर सवलत दिली असं कोणी म्हणू नये म्हणून मी त्याच्याशी इतरांपेक्षा जास्तच कडक वागलो. हे आता कळतं.

करार असा केला: एकूण वीस लाख. शहाण्णव मुद्द्यांची यादी. मुदत सहा महिने. चार लाख आगाऊ आणि उरलेले सोळा लाख यादीतले सगळे मुद्दे पूर्ण झाल्यावर. उशीर झाला तर दंड.

पण प्रॉडक्शनवाल्यांना काम अजाइल पद्धतीने हवं होतं. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. सगळं एकदम बांधून शेवटी दाखवायचं नाही. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे करायचे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी चालू स्थितीत काहीतरी दाखवायचं, वापरणाऱ्याचं ऐकायचं आणि पुढचं काम त्यानुसार बदलायचं. पद्धत चांगलीच आहे. दुसऱ्याच डेमोला आमचा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, हातात ग्लोव्ह्ज असताना टचस्क्रीन कोण दाबणार?" बरोबर होतं. स्क्रीनचे सात-आठ मुद्दे तिथेच बाद झाले आणि स्कॅनरचं काम आलं. असं दर पंधरा दिवसांनी होत गेलं. सगळं तोंडी, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर: "एवढं करून टाक रे." तो करत गेला.

आठव्या महिन्यात सिस्टिम तिन्ही शिफ्टला व्यवस्थित चालत होती. लाइनवरचे लोक खूश होते. त्याने बिल टाकलं. मी यादी काढली. शहाण्णवपैकी सत्तावीस मुद्दे झालेलेच नव्हते. ते कोणालाही नको होते, म्हणूनच झाले नव्हते. त्याऐवजी यादीत नसलेली चाळीसेक कामं त्याने केली होती. पण माझ्या हातात सही असलेला कागद त्या यादीचा होता. मी बिल अडवलं आणि वर उशीर झाला म्हणून एक लाखाची डेबिट नोट काढली.

त्याचा फोन आला, "पोरांचे पगार द्यायचेत रे." मी म्हणालो, "यादी पूर्ण कर, मग बघू." पाच महिने ते पैसे अडकले. त्याने घरातलं सोनं गहाण टाकून पगार केले, हे मला दोन वर्षांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याची चार मुलं सोडून गेली. आणि आमचं काय झालं? कस्टमरने लेबलचा फॉरमॅट बदलला तेव्हा सिस्टिममध्ये बदल करायला माणूसच नव्हता. लाइन पुन्हा रजिस्टरवर आली. नियमाप्रमाणे वागून मी दोन्ही बाजूंचं नुकसान केलं होतं.

मग एक दिवस टेबलावर एका साध्या ब्रॅकेटची ऑर्डर होती, ती बघता बघता माझं मलाच हसू आलं. पार्टसाठी आपण कसा करार करतो? ओपन पीओ. वर्षभरात किती नग लागतील हे लिहीत नाही, कारण माहीतच नसतं. दर ठरवतो, दर महिन्याला शेड्यूल देतो. ड्रॉइंग बदललं तर बदलाची नोट निघते, तिला नंबर असतो, तारीख असते, आणि खर्च वाढत असेल तर दर सुधारतो. स्टीलचा भाव हलला तर फरक धरतो. टूलचे पैसे वेगळे देतो. माल गेटवर आला, तपासला, जीआरएन झाला, की त्या नगांचे पैसे देय झाले. पुढच्या वर्षीचे नग आले नाहीत म्हणून आजच्या नगांचे पैसे कोणी अडवत नाही.

म्हणजे काम बदलत राहणार हे धरून करार कसा करायचा, हे या पट्ट्यातल्या परचेसच्या कोणत्याही पोराला माहीत आहे. पत्र्याच्या ब्रॅकेटला मी जो न्याय देत होतो, तो माणसांच्या डोक्याच्या कामाला दिला नाही, एवढंच.

त्यानंतर अशा कामांचे करार मी वेगळे करायला लागलो. मोजक्या पाच गोष्टी सांगतो. खरेदी करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी, दोघांनीही ऐका.

पहिली, दर ठरवा आणि वरची मर्यादा ठरवा. अमुक इतक्या माणसांची टीम, दोन आठवड्यांच्या टप्प्याला इतके पैसे, जास्तीत जास्त बारा टप्पे. त्यापुढे नवी मंजुरी. फायनान्सवाल्यांना वाटतं की यादी नाही म्हणजे कोरा चेक. वरची मर्यादा लिहिली की ती भीती जाते.

दुसरी, बदलाचा कागद. एकच पान. नवीन काम घ्यायचं तर तेवढ्याच आकाराचं जुनं काम वगळा, मग बदल फुकट. वगळायचं नसेल तर किती टप्पे वाढतील ते लिहा. आणि आमच्या बाजूने हो किंवा नाही म्हणणारा माणूस एकच, त्याचं नाव करारात. माझ्या त्या कामात सहा जण हो म्हणत होते आणि सही एकाचीही नव्हती.

तिसरी, "झालं" म्हणजे काय ते आधीच लिहा. डेमोनंतर पाच दिवसांत लेखी हरकत घ्या. हरकत नसेल तर काम स्वीकारलं आणि त्या टप्प्याचं बिल टाकायचं.

चौथी, थांबायची सोय. दोघांपैकी कोणालाही एका टप्प्याची नोटीस देऊन थांबता यावं, झालेल्या टप्प्यांचे पूर्ण पैसे देऊन. थांबता येतं हे माहीत असलं की भांडणं कमी होतात.

पाचवी, कोड कोणाचा. पुष्कळांना वाटतं की पैसे दिले म्हणजे कोड आपला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या वेंडरने लिहिलेला कोड त्याचाच राहतो. हक्क हवे असतील तर लेखी हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरतात. तेव्हा हे कलम शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नका.

आता पैसे देण्याच्या मुदतीबद्दल. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. करारात मुदतच नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते मिळालं त्याच दिवशी स्वीकारलं असं कायदा धरतो. माझा मित्र नोंदणीकृत होता. आम्ही तिन्ही शिफ्टला त्याची सिस्टिम वापरत होतो आणि लेखी हरकतीचा एक कागद माझ्याकडे नव्हता. म्हणजे ज्या यादीच्या जोरावर मी त्याला अडवलं, तिच्यापेक्षा त्याची बाजू कायद्यात भक्कम होती. त्याने दाद मागितली नाही. का, ते इथल्या प्रत्येक वेंडरला माहीत आहे. केस जिंकायची आणि कस्टमर घालवायचा, हे त्याला परवडणारं नव्हतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही तरतूद आली, की अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरला जात नाही. तेव्हापासून आमचे फायनान्सवालेच मार्च आला की मला विचारतात, "छोट्या वेंडरचं काही राहिलंय का?"

वेंडर मित्रांनाही एक सांगायचं आहे. "अजाइल म्हणजे कागद नको" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. २००१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये सतरा जणांनी या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाबरोबरचं सहकार्य मोलाचं, असं त्यात आहे. पण त्यातच त्यांनी हेही लिहिलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे. ते वाक्य सगळे विसरतात. साहेब बदलला, बदली झाली, की तोंडी शब्दाला वाली राहत नाही, आणि तेव्हा मार खातो तो छोटाच. आणि प्रत्येक कामाला ही पद्धत लावूही नका. ड्रॉइंग पक्कं असलेलं प्रेस टूल असेल तर एकरकमी किमतीचा करारच योग्य. काय हवं ते माहीत असताना टप्प्याटप्प्याने चाचपडण्यात अर्थ नाही.

त्या मित्राचे राहिलेले पैसे पुढे मिळाले, डेबिट नोटही मी रद्द करून घेतली. दोन वर्षांनी दुसरं काम निघालं तेव्हा मी त्याच्या शेडवर गेलो. त्याने चहा मागवला. म्हणाला, "काम करीन. पण यादीवर सही करणार नाही." मी बॅगेतून नव्या कराराचे कागद काढून पुढे ठेवले. त्याने ते सावकाश, शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाला, "हे बाईंसारखं झालं की रे."

बाई, तुम्हाला आठवत असेल. गणिताच्या पेपरात आमचं उत्तर चुकलं तरी तुम्ही फुली मारून मोकळ्या होत नव्हता. रीत बघायच्या, आणि जितक्या पायऱ्या बरोबर तितके मार्क द्यायच्या. आम्ही दोघंही त्या पायऱ्यांच्या मार्कांवर पास झालेली मुलं. त्यातलाच एक मोठा होऊन दुसऱ्याला म्हणत होता, की शेवटचं उत्तर दाखव, नाहीतर शून्य.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला एकट्याला मी पूर्वीच सॉरी म्हटलं आहे. आज तुम्हा सगळ्यांसमोर म्हणतो, कारण त्याचं बिल अडवलं तेव्हा त्याचं नाव बाजारात खराब झालं होतं, आणि ते मी माझ्या केबिनमध्ये बसून केलं होतं.

बदलाच्या त्या एका पानाचा नमुना बरोबर आणलाय. ज्यांना हवा असेल त्यांनी जेवणाच्या वेळी मागून घ्या. दर पाडून मिळणार नाही, फुकटच आहे.